शरीराचा पहारा व वाढती गाठ

"गाठ दुखत नाही, मग डॉक्टरकडे जाण्याची एवढी घाई कशाला?" हे वाक्य आपल्या गावांतून किती वेळा ऐकू येते! मानेवर, काखेत, स्तनात किंवा गालाच्या आतल्या बाजूस लहानशी गाठ हाताला लागते. ताप नाही, ठणका नाही, भूक नेहमीसारखी आहे, शेतातील व घरातील कामे चालू आहेत. मग पेरणी आटोपू दे, मुलीचे लग्न उरकू दे, सण होऊन जाऊ दे, असे म्हणता म्हणता महिने निघून जातात. दुखणे हत्तीच्या पावलांनी येते आणि मुंगीच्या पावलांनी जाते, अशी आपल्याकडे म्हण आहे. कर्करोगाच्या बाबतीत मात्र ती उलटी लागू पडते. हे दुखणे येतेच मुळी मुंगीच्या पावलांनी, आणि म्हणून त्याची चाहूल कोणास लागत नाही.

त्या न दुखणाऱ्या काळात शरीराच्या आत काय चाललेले असते, हे आज आम्ही आमच्या वाचकांपुढे मांडू इच्छितो. बाहेरून सारे शांत दिसत असले तरी आत एक झुंज चालू असते. तिच्या एका बाजूस वाढणारी गाठ आणि दुसऱ्या बाजूस शरीराची स्वतःची प्रतिकारशक्ती. ह्या झुंजीविषयी शास्त्रज्ञांना गेल्या शंभर-सव्वाशे वर्षांत, आणि विशेषतः गेल्या तीस वर्षांत, पुष्कळ काही उमगले आहे. ते समजून घेतले म्हणजे आरंभीच्या प्रश्नाचे उत्तर निराळे देण्याची गरजच उरत नाही.

राखणदार कोण व ते काय पाहतात

आपले शरीर असंख्य पेशींचे बनलेले आहे. त्यांच्या राखणीचे काम रक्तातील पांढऱ्या पेशींकडे असते. ह्या पेशी हाडांच्या आतील मज्जेत जन्मास येतात. त्यांपैकी काही पेशी छातीच्या मधल्या हाडामागे असलेल्या थायमस नावाच्या ग्रंथीत जाऊन तयार होतात. त्यांस टी-पेशी म्हणतात. ह्या टी-पेशी म्हणजे शरीराचे मुख्य राखणदार होत.

राखणदार घरात शिरल्याशिवाय आत काय चालले आहे हे कसे ओळखतो? निसर्गाने त्याची सोय केली आहे. शरीरातील जवळजवळ प्रत्येक पेशी आपल्या आत जी प्रथिने तयार करते, त्यांचे बारीक तुकडे ती आपल्या पृष्ठभागावर मांडून ठेवते. जणू प्रत्येक घराने आज काय शिजले त्याचा नमुना उंबरठ्यावर ठेवावा. टी-पेशी फिरत फिरत हे नमुने चाचपून पाहते. नमुना ओळखीचा असला तर ती पुढे जाते. विषाणूचा किंवा अन्य काही परका तुकडा आढळला, तर ती त्या पेशीचा नाश करते. ह्याशिवाय नैसर्गिक मारक पेशी नावाचे दुसरे राखणदार असतात. एखाद्या घराने उंबरठ्यावर काहीच ठेवले नसेल, तर तेवढ्यावरूनच ते संशय घेतात.

आता प्रश्न असा की, कर्करोगाची पेशी काही बाहेरून आलेली नसते. ती आपल्याच शरीरात, आपल्याच पेशीपासून जन्मलेली असते. मग राखणदाराने तिला परकी का मानावे? ह्याचे उत्तर तिच्या बिघाडात आहे. पेशीच्या जनुकांत, म्हणजे तिच्या कामकाजाच्या मूळ लेखात, चुका साठत गेल्या म्हणजे ती बेसुमार वाढू लागते. त्याच चुकांमुळे तिची काही प्रथिनेही बदलतात, आणि बदललेले तुकडे उंबरठ्यावर आले की टी-पेशीला शंका येते.

एका जुन्या वादाची कथा

जर्मन शास्त्रज्ञ पॉल एर्लिक यांनी १९०९ साली असा विचार मांडला की, शरीरात कर्करोगाच्या पेशी वारंवार उत्पन्न होत असाव्यात, परंतु शरीराची संरक्षक शक्ती त्यांना वाढू देत नसावी. १९५७ च्या सुमारास ऑस्ट्रेलियाचे मॅकफार्लेन बर्नेट व अमेरिकेचे लुईस थॉमस यांनी ह्याच विचारास नवे रूप दिले. शरीरात कर्करोगावर सतत पहारा चालू असतो, असे त्यांचे म्हणणे होते.

परंतु १९७४ साली ह्या मतास मोठा धक्का बसला. ज्यांना थायमस ग्रंथी नसते अशा उंदरांना रासायनिक द्रव्य टोचून पाहिले असता, त्यांना इतर उंदरांपेक्षा अधिक गाठी झाल्या नाहीत. तेव्हा पहारा वगैरे काही नसावे, असे पुष्कळांना वाटू लागले. त्या जातीच्या उंदरांतही थोड्या टी-पेशी व भरपूर नैसर्गिक मारक पेशी असतात, ही गोष्ट पुढे स्पष्ट झाली. राखणदार नाहीत असे समजून ज्या गावाची परीक्षा घेतली, तेथे काही राखणदार जागेच होते!

शेवटी २००१ साली अमेरिकेतील सेंट लुईस येथे रॉबर्ट श्रायबर व त्यांच्या सहकाऱ्यांनी ज्या उंदरांत टी-पेशी मुळीच तयार होत नाहीत असे उंदीर घेतले. त्यांच्यात गाठी खरोखरच अधिक झाल्या. पण ह्या प्रयोगाचा दुसरा भाग त्याहून मोलाचा आहे. पहारा नसलेल्या उंदरांत वाढलेल्या गाठी काढून त्यांनी निरोगी उंदरांत रोवल्या, तेव्हा त्यांतील पुष्कळशा गाठी निरोगी उंदरांच्या राखणदारांनी नाहीशा केल्या. उलट, निरोगी उंदरांत, म्हणजे पहारा चालू असताना वाढलेल्या गाठी दुसऱ्या निरोगी उंदरांत रोवल्या, तर त्या खुशाल वाढत राहिल्या.

ह्याचा अर्थ वाचकांनी नीट ध्यानी घ्यावा. जी गाठ पहाऱ्याखाली वाढली, ती पहारा चुकवण्यात तरबेज झाली होती. राखणदारांनी सहज ओळखता येण्याजोग्या पेशी टिपून मारल्या; ज्या ओळखू येत नव्हत्या त्या मागे राहिल्या, आणि त्यांचीच संतती वाढली. शेतकरी वाचकांना हे नवे वाटणार नाही. एकच औषध वर्षानुवर्षे फवारले म्हणजे त्याला दाद न देणारी कीड तेवढी शिल्लक राहते, तसाच हा प्रकार आहे.

तीन अवस्था

ह्यावरून शास्त्रज्ञांनी झुंजीच्या तीन अवस्था सांगितल्या आहेत. पहिल्या अवस्थेत राखणदार बिघडलेल्या पेशी ओळखून नष्ट करतात व आपल्याला त्याचा पत्ताही लागत नाही. दुसऱ्या अवस्थेत दोन्ही पक्ष तुल्यबळ असतात. काही पेशी उरतात पण वाढू शकत नाहीत. तिसऱ्या अवस्थेत गाठ पहाऱ्यातून निसटते. आपल्या हाताला जी गाठ लागते ती बहुधा ह्या तिसऱ्या अवस्थेतील असते.

दुसरी अवस्था किती वर्षे टिकू शकते ह्याचे एक उदाहरण २००३ साली स्कॉटलंडमधील डॉक्टरांनी प्रसिद्ध केले. एका व्यक्तीला मेलानोमा नावाचा त्वचेचा कर्करोग झाला होता. उपचार होऊन १६ वर्षे लोटली होती व ती व्यक्ती पूर्ण बरी झाल्याचे मानले जात होते. पुढे अन्य कारणाने मृत्यू आला व तिची दोन्ही मूत्रपिंडे दोन रुग्णांना देण्यात आली. त्या दोन्ही रुग्णांना त्याच दात्याच्या पेशींपासून मेलानोमा झाला. दात्याच्या शरीरात तो रोग १६ वर्षे कोंडून ठेवलेला होता. मूत्रपिंड घेणाऱ्यांस मात्र ते अवयव शरीराने नाकारू नयेत म्हणून प्रतिकारशक्ती दाबणारी औषधे द्यावी लागतात. पहारा दबला आणि कोंडलेला शत्रू सुटला.

गाठ पहारा कसा वळवते

आता आम्ही मूळ विषयाच्या गाभ्याकडे येतो. वाढणारी गाठ राखणदारांपासून नुसती लपत नाही. ती जसजशी मोठी होते तसतशी त्यांना निष्प्रभ करते, इतकेच नव्हे तर त्यांतील काहींना आपल्या चाकरीस लावते. तिच्या युक्त्या पुष्कळ आहेत. मुख्य तेवढ्या सांगतो.

पहिली युक्ती लपण्याची. काही पेशी उंबरठ्यावर नमुने मांडणेच बंद किंवा कमी करतात. मग टी-पेशीला चाचपण्यासाठी काही उरत नाही.

दुसरी युक्ती लगाम ओढण्याची. आपल्या टी-पेशींना जन्मतःच लगाम असतात, आणि ते असलेच पाहिजेत. नाहीतर साध्या तापानंतरही त्या थांबणार नाहीत व आपलेच शरीर पोखरू लागतील. पीडी-वन नावाचा असा एक लगाम टी-पेशीच्या अंगावर असतो. निरोगी अवयव गरजेच्या वेळी तो लगाम ओढून "आता पुरे" अशी खूण करतात. पुष्कळ गाठी नेमकी हीच खूण आपल्या अंगावर उगवून घेतात. राखणदार दाराशी येतो, चोराला ओळखतोही, पण चोर त्याच्या वरिष्ठाच्या आवाजात त्याला परत जाण्याचा हुकूम देतो!

तिसरी युक्ती समजूत घालणाऱ्या पेशी जमवण्याची. टी-पेशींतच एक वर्ग असा आहे की ज्याचे काम इतरांना आवरून धरणे हे होय. जपानचे शिमोन साकागुची यांनी १९९५ साली ह्या नियामक पेशींचा शोध लावला. ह्या विषयातील कामगिरीबद्दल त्यांना अमेरिकेच्या मेरी ब्रंको व फ्रेड रॅम्सडेल यांच्यासमवेत २०२५ चे नोबेल पारितोषिक मिळाले. निरोगी माणसात ह्या पेशी फार उपकारक असतात. परंतु गाठ त्यांना आपल्याकडे बोलावून घेते आणि त्यांच्या आड सुरक्षित राहते.

चौथी युक्ती सर्वांत दुःखद म्हणावी लागेल. जखम झाली म्हणजे मोठ्या भक्षक पेशी तेथे धावून जातात. आधी त्या जंतू व घाण खातात. नंतर जखम भरून यावी म्हणून नव्या रक्तवाहिन्या व नवे मांस वाढण्यास मदत करतात. अमेरिकन डॉक्टर हॅरल्ड ड्वोरॅक यांनी १९८६ साली गाठीला कधीच भरून न येणाऱ्या जखमेची उपमा दिली. गाठ जखमेसारखे संदेश सोडत राहते, आणि भक्षक पेशी त्या संदेशांना भुलून गाठीलाच रक्तपुरवठा मिळवून देतात. कुंपणानेच शेत खाल्ले म्हणतात ते हेच.

पाचवी गोष्ट उपासमारीची. वाढत्या गाठीच्या आत रक्तपुरवठा अपुरा व वेडावाकडा असतो. तेथे प्राणवायू कमी पडतो, साखर गाठीच्या पेशी ओरबाडून घेतात आणि आम्ल साचते. अशा जागी शिरलेल्या टी-पेशीला धड खायला मिळत नाही. महिनोन् महिने त्याच शत्रूशी सामना करून ती थकते. हा थकवा केवळ बोलण्यापुरता नव्हे. तिच्या जनुकांचे कामच बदलून जाते व ती जिवंत असूनही लढू शकत नाही. येथे एक गैरसमज दूर करणे अवश्य आहे. गाठ साखर वापरते म्हणून रुग्णाने गोड सोडले की गाठ उपाशी मरेल, असे मुळीच नाही. शरीर रक्तातील साखर राखतेच. उपाशी राहून रुग्ण तेवढा खंगतो.

आणि ही सारी गडबड गाठीपुरती राहत नाही. मोठी गाठ रक्तातून दूरवर संदेश पाठवते. हाडांची मज्जा त्या संदेशांमुळे अर्धवट तयार झालेल्या पांढऱ्या पेशी रक्तात सोडू लागते, आणि ह्या अपक्व पेशी टी-पेशींना आणखी दाबून टाकतात. त्याच संदेशांपैकी काहींमुळे भूक मंदावते, वजन घटते, स्नायू झिजतात, थकवा येतो. घर फिरले म्हणजे घराचे वासेही फिरतात, ही आपली म्हण येथे शब्दशः खरी ठरते.

वेळेचे मोल

आता आरंभीच्या प्रश्नाकडे वळू. न दुखणाऱ्या गाठीसाठी घाई का करावी?

गाठ लहान असते तेव्हा तिच्यात पेशी थोड्या, त्यांच्यातील प्रकार थोडे, आणि राखणदारांना वळवण्याची तिची साधनेही थोडी असतात. ती जितके महिने वाढेल तितक्या नव्या चुका तिच्या जनुकांत साठतील व तितक्या नव्या युक्त्या तिला साधतील. लहान गाठ शस्त्रक्रियेने संपूर्ण काढता येण्याची शक्यता अधिक असते. उंदरांवरील प्रयोगांत असेही दिसले आहे की, मूळ गाठ काढून टाकल्यावर दबलेली प्रतिकारशक्ती बरीचशी पुन्हा डोके वर काढते. तेव्हा थांबण्याचा काळ हा शांततेचा काळ नसून, त्या काळात दररोज एकेक राखणदार फितवला जात असतो. दुखत नाही ह्याचा अर्थ धोका नाही असा नव्हे. जखमेत जंतू शिरले म्हणजे राखणदार खवळून उठतात, आणि सूज, लाली व ठणका ही त्या खवळण्याचीच लक्षणे असतात. लहान गाठीपाशी तसे काहीच होत नाही, आणि राखणदार तेथे आवरून धरले जात असतात. मग गाठीविषयी ओरड कोणी करावी?

लगाम सैल करण्याचे उपचार

हे सारे वाचून कोणी निराश होऊ नये. गाठीच्या युक्त्या कळल्या म्हणूनच त्यांवर तोडही सापडू लागली आहे.

न्यूयॉर्कचे शल्यचिकित्सक विल्यम कोली यांना जुन्या नोंदींत असा एक रुग्ण आढळला की ज्याची मानेवरील गाठ, त्वचेला धावरे नावाचा जंतुसंसर्ग होऊन कडक ताप आल्यानंतर, नाहीशी झाली होती. तापाने राखणदार जागे झाले असावेत, ह्या विचाराने कोली यांनी १८९१ पासून काही रुग्णांना मुद्दाम जंतू टोचून पाहिले. काहींना गुण आला, परंतु उपचार धोक्याचा व बेभरवशाचा असल्याने तो मागे पडला. तथापि त्यामागची कल्पना जिवंत राहिली. आपल्या मुलांना क्षयापासून रक्षण व्हावे म्हणून जी बीसीजी लस दंडावर टोचतात, तीच मूत्राशयात सोडली असता तेथील वरवरच्या कर्करोगास आवर बसतो, असे १९७६ साली कॅनडातील डॉक्टर अल्वारो मोरालेस व त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवून दिले. तो उपचार आजही दिला जातो.

खरी क्रांती मात्र लगामांच्या शोधाने झाली. जपानमधील क्योटो येथे तासुकू होंजो यांच्या प्रयोगशाळेत १९९२ साली पीडी-वन हे प्रथिन सापडले. अमेरिकेत जेम्स अॅलिसन सीटीएलए-फोर नावाच्या दुसऱ्या लगामाचा अभ्यास करीत होते. तो लगाम अडवणारे औषध दिल्यावर उंदरांच्या गाठी विरघळतात, हे त्यांनी १९९६ साली प्रसिद्ध केले. गाठीवर घाव न घालता राखणदाराचा लगाम सोडायचा, ही कल्पना अगदी नवी होती. ह्या तत्त्वावरील पहिल्या औषधास २०११ साली अमेरिकेत मान्यता मिळाली, आणि २०१८ चे नोबेल पारितोषिक अॅलिसन व होंजो यांना विभागून देण्यात आले.

अमेरिकेचे माजी राष्ट्राध्यक्ष जिमी कार्टर यांना २०१५ साली, वयाच्या नव्वदीत, यकृतात व मेंदूत पसरलेला मेलानोमा असल्याचे आढळले. शस्त्रक्रिया, किरणोपचार व पीडी-वनचा लगाम अडवणारे औषध ह्या तिन्हींचा त्यांच्यावर उपयोग करण्यात आला. त्याच वर्षाच्या डिसेंबरात, तपासणीत कर्करोगाची खूण दिसत नसल्याचे त्यांनी जाहीर केले. पुढे डिसेंबर २०२४ मध्ये ते वारले तेव्हा त्यांचे वय १०० वर्षांचे होते.

परंतु नाण्याची दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. ही औषधे सर्वांना लागू पडत नाहीत. पुष्कळ रुग्णांना त्यांचा गुण येत नाही. लगाम सुटल्यावर राखणदार कधी कधी आपल्याच आतड्यावर, फुप्फुसावर, त्वचेवर किंवा थायरॉइड ग्रंथीवर तुटून पडतात व त्यासाठी वेगळे उपचार करावे लागतात. शिवाय त्यांची किंमत गोरगरिबांच्या आवाक्याबाहेरची आहे. ह्या शेवटच्या अडचणीवर मुंबईच्या टाटा स्मारक रुग्णालयातील डॉक्टरांनी केलेला प्रयत्न उल्लेखनीय आहे. तोंड, घसा व मान यांच्या बळावलेल्या कर्करोगाच्या १५१ रुग्णांवर त्यांनी चाचणी घेतली. निम्म्या रुग्णांना स्वस्त गोळ्यांचे औषध दिले, व निम्म्यांना त्याच्या जोडीस लगाम सोडणारे निव्होलुमॅब हे औषध नेहमीच्या मात्रेच्या एक दशांशाहूनही कमी मात्रेत दिले. २०२२ साली प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षानुसार, वर्षभर जगलेल्या रुग्णांचे प्रमाण शेकडा १६ होते ते ह्या थोड्या मात्रेने शेकडा ४३ झाले. रोग समूळ गेला असे नव्हे. पण ज्या घरांत एकेक महिना मोलाचा असतो, त्यांना ह्या आकड्यांचे महत्त्व सांगण्याची गरज नाही.

त्याच रुग्णालयाने व मुंबईच्या आयआयटीने मिळून आणखी एक उपचार सिद्ध केला आहे. रुग्णाच्याच टी-पेशी काढून, त्यांना रक्तातील विशिष्ट कर्करोगपेशी ओळखण्याची नवी शक्ती देऊन, त्या पुन्हा रुग्णास टोचतात. रक्ताच्या काही कर्करोगांसाठी ह्या उपचारास ऑक्टोबर २०२३ मध्ये भारतात मान्यता मिळाली.

घरोघरी ध्यानी धरावयाच्या गोष्टी

ह्या ज्ञानाचा आपल्या घरात काय उपयोग, असे कोणी विचारील. आमच्या मते तो चार प्रकारचा आहे.

पहिली गोष्ट रुग्णाच्या सेवेविषयी. काही घरांतून कर्करोगाच्या रुग्णाचे ताट-पेला वेगळे ठेवतात, मुलांना त्याच्याजवळ जाऊ देत नाहीत. हे अज्ञान आहे व ते रुग्णाच्या मनाला रोगाहून अधिक लागते. कर्करोग स्पर्शाने, एका ताटात जेवल्याने किंवा सेवा केल्याने होत नाही. एकाच्या गाठीची पेशी दुसऱ्याच्या शरीरात गेलीच, तर ती तेथे उघड उघड परकी ठरते व तेथील राखणदार तिला उभी राहू देत नाहीत. वर सांगितलेल्या स्कॉटलंडच्या रुग्णांत ती वाढली, कारण तेथे अवयवच बदललेला होता व पहारा औषधांनी दाबलेला होता. तेव्हा आजारी आईच्या कुशीत लेकराला खुशाल बसू द्यावे.

दुसरी गोष्ट जाहिरातींविषयी. प्रतिकारशक्ती वाढवून कर्करोग बरा करण्याचे आश्वासन देणारी चूर्णे, काढे व गोळ्या बाजारात पुष्कळ मिळतात. सुज्ञ वाचकांना आता त्यांतील चूक दिसेल. येथे अडचण राखणदार अशक्त असल्याची नसून त्यांना फितवल्याची आहे, आणि कोणतेही चूर्ण गाठीच्या हातातील लगाम सोडवीत नाही. त्यात पैसा तर जातोच, पण वेळ जातो, आणि वेळ हेच गाठीचे भांडवल आहे.

तिसरी गोष्ट आधीच पहारा शिकवून ठेवण्याविषयी. गर्भाशयाच्या मुखाचा कर्करोग बहुतेक सर्व वेळा एचपीव्ही नावाच्या विषाणूमुळे होतो. त्याची लस मुलींना लहान वयात दिली तर राखणदार त्या विषाणूस पहिल्याच भेटीत ओळखतात. २०२० साली प्रसिद्ध झालेल्या स्वीडनच्या पाहणीत, १७ वर्षांच्या आत लस घेतलेल्या मुलींत हा कर्करोग शेकडा ८८ ने कमी आढळला. यकृताच्या कर्करोगाचे एक मोठे कारण असलेल्या हिपॅटायटिस-बी वरची लस तर बाळांना जन्मतःच देतात. आणि तंबाखू, गुटखा व विडी सोडणे ही लस प्रत्येकाच्या स्वतःच्या हाती आहे.

चौथी गोष्ट दोष देण्याविषयी. "त्याची प्रकृतीच नाजूक", "तिने मनाला लावून घेतले", असे शेजारीपाजारी बोलतात. धडधाकट शरीरातही गाठ पहाऱ्याला फसवू शकते, हे आपण पाहिले. रुग्णाला दोष देऊन त्याचे ओझे वाढवू नये.

शेवटी एवढेच सांगावेसे वाटते. कोठेही नवी गाठ हाताला लागली, तोंडातील व्रण किंवा पांढरा-लाल चट्टा दोन-तीन आठवड्यांत गेला नाही, आवाज बसला तो बसलाच, तीळ वाढू वा रंग बदलू लागला, विनाकारण रक्त जाऊ लागले, पाळी बंद झाल्यानंतर पुन्हा रक्तस्राव झाला, किंवा वजन आपोआप उतरू लागले, तर जवळच्या सरकारी रुग्णालयात जाऊन दाखवून यावे. पुष्कळ गाठी साध्याच निघतात, आणि मग निश्चिंत मनाने घरी परतता येते. साधी न निघाली, तर ती लवकर कळली ह्याचेच समाधान मानावे. पेरणी एक दिवस थांबू शकते, लग्नाची बोलणी पुढच्या आठवड्यात होऊ शकतात. पण आपल्या घरातली कोणी माउली पदराआड गाठ लपवून "दुखत तर नाही" असे म्हणत असेल, तर आजच तिच्याजवळ बसून हे सर्व तिला समजावून सांगावे, आणि उद्या सकाळच्या पहिल्या गाडीने तिच्यासोबत जावे.